अठ्ठावीस शेक

मारुंजीच्या आमच्या घराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर दिवाळीला मी धाकट्या भावाची उंची तिथे टिपतो. पूर्वी ती गंमत होती. आता रेघ ओढताना हात थरथरतो.

मी बारावीत होतो. जानेवारीत त्याच्या नाकाशेजारी सूज दिसू लागली. तो आठ वर्षांचा. नाक सारखे चोंदलेले. सर्दीची औषधे झाली. आई म्हणाली, "याला पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवून आण." घरात शिकलेला मीच. मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे, मग नेतो." परीक्षा मार्चमध्ये संपली. त्या दोन महिन्यांबद्दल मी पुष्कळ दिवस कुणाशी बोललो नाही.

पुण्याहून आम्हांला मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले. 1941 साली सुरू झालेले हे रुग्णालय आमच्या गावातही सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याचे नाव हळू आवाजात घेतात. गाठीचा तुकडा तपासला. रॅबडोमायोसार्कोमा, म्हणजे मुलांना होणारा, स्नायूंच्या कोवळ्या पेशींसारख्या पेशींचा कर्करोग.

आबा हात जोडून म्हणाले, "मग आजच जाळून टाका की त्याला!"

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. वाढत्या चेहऱ्यावर किरण पडले की हाडांची आणि दातांची वाढ खुंटू शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला झळ लागली, तर उंचीही. म्हणून आधी शिरेतून औषधे द्यायची. त्यांनी गाठ आटते, अंगात इतरत्र लपलेल्या पेशीही मरतात. किरण साधारण बारा आठवड्यांनंतर. गाठ डोळ्याच्या नसेला दाबत असती किंवा मेंदूकडे शिरली असती, तर मात्र इतके थांबता आले नसते.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी भाताच्या रोपावानी. कवळं लावलं तरी जातं, अन् जून झालं तरी जातं."

जुलैत किरण सुरू झाले. वॉर्डात सारे त्याला 'शेक' म्हणत. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, असे 28. रोज 1.8 ग्रे, एकूण 50.4. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून त्याचा मुखवटा केला होता. तो घालून भाऊ एकटा त्या खोलीत निजे. रोज थोडेथोडे द्यायचे, कारण मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. पण मध्ये खंड पडला, तर उरलेल्या रोगट पेशींनाही वाढायला सवड मिळते.

आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत राहत होतो. पंधरावा शेक झाला, तेव्हा गावाकडे लावणीची घाई होती. भावाच्या तोंडात फोड आलेले, पाणीही गिळवेना. आबा म्हणाले, "चार दिस गावाला जाऊन येऊ. लावणी उरकंल, पोरालाबी इसावा."

मी आयुष्यात प्रथमच त्यांना उलट बोललो. "आबा, मी दोन महिने घालवलेत. आता एक दिवसही नाही."

त्यांना आधी कळलेच नाही. मग मी परीक्षेचे सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. पिशवी उचलून एकटेच गावी गेले. शेजाऱ्यांनी हात लावला, म्हणून लावणी झाली. आई आणि मी मुंबईतच राहिलो.

त्या दोन महिन्यांनी फरक पडला असता का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही. यापुढच्या तारखा चुकवू नका."

चुकवलेल्या नाहीत. भावाचा एक गाल किंचित बसका वाटतो. या दिवाळीला रेघ दोन बोटे वर गेली.

प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे पहिला महिनाभर गैरहजेरी आहे. सरांनी कारण विचारले, तेव्हा मी "घरची अडचण" एवढेच म्हणालो होतो. अडचण ही होती, सर.

(द्वितीय वर्ष कला)