प्रमाणपत्र की परवाना?

मुलीने 'शिक्षणशास्त्र' हा विषय घेतला, की ती आता मास्तरीण होणार असे आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. मी हा विषय घेतला तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं म्हणतात. मग शाळेत लागशील ना गं?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर मुक्काम ठेवले आहेत. एक वर्ष करून थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि उन्हाळी सुटीतला ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम एवढे झाले की प्रमाणपत्र, असे सांगितले आहे. बाहेर पडलेल्याला ३ वर्षांच्या आत परत येता येते. मात्र पदवी ७ वर्षांत पुरी झाली पाहिजे.

पण हे प्रमाणपत्र म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे तर बारावीनंतर डी.एल.एड.ची दोन वर्षे आणि वर शिक्षक पात्रता परीक्षा, ही आज रूढ वाट आहे. पदवीबरोबरच बी.एड. हवे असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम निराळा. हे ठाऊक नसले की माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. बाबांना मी हे सारे समजावून सांगितले. ते म्हणाले, "नोकरी नाही, तर मग हा विषय कशाला?"

त्याचे उत्तर मला वर्गात मिळाले. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे केले. साऱ्या देशासाठी कायदा झाला तो २००९ साली! मधली १२७ वर्षे कुठे गेली? वर्ग कोणासाठी भरत होते? आमच्या आजीला अक्षरओळख का झाली नाही? आजीचे निरक्षर असणे हे तिचे नशीब असेच मी तोवर समजत होते. तो एका धोरणाचा परिणाम होता, हे या विषयाने शिकवले. एवढे कळण्यासाठी मास्तर व्हावे लागत नाही. ते आई-बापाला, सरपंचाला, मत देणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवे.

१९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाने शिक्षणशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखा मानावे आणि पदवीला तो ऐच्छिक विषय असावा, असे सुचवलेच होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच. बंगाल-ओडिशातल्या अनेक महाविद्यालयांत हा बी.ए.चा रुळलेला विषय आहे. आपल्याकडे मात्र शिक्षण म्हटले की थेट बी.एड.!

आता मनातली भीतीही सांगते. वाटेवरचा मुक्काम ही सोय आहे. घरात आजारपण आले, पैशांची ओढाताण झाली, तर एक वर्षाचे कष्ट वाया जात नाहीत. परंतु हीच सोय मुलींच्या बाबतीत सबब व्हायला वेळ लागत नाही. स्थळ चांगले आले, की "सर्टिफिकेट आहेच हातात, उरलेलं पुढे बघू," असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात असतात. ते 'पुढे' किती जणींच्या वाट्याला येते? नियमातली ३ वर्षे घर-संसारात कशी उडून जातात, हे आपल्या आत्या-मावश्यांना विचारावे.

म्हणून माझ्या मैत्रिणींना एवढेच सांगणे आहे. थांबावे लागलेच तर प्रमाणपत्र जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण परतीची तारीख त्याच दिवशी वहीत मांडा आणि घरच्यांना ती वाचून दाखवा. आणि थांबावे लागत नसेल, तर कुणाच्या सोयीसाठी थांबू नका.