'आय' आधी की 'ई' आधी?

माझं स्पेलिंग पहिल्यापासून भयंकर. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मास कॉम आणि मग थेट इंग्लिश ई-मेल्सचं जग... त्यामुळे 'रिसीव्ह्ड' टाइप करताना माझं बोट आजही हवेत थांबतं. 'सी'नंतर 'आय' की 'ई'? वर्डमध्ये खाली लाल नागमोडी रेघ येते, मोबाइल तर न विचारता दुरुस्तच करून टाकतो. आजवर तसं निभावून गेलं. गेल्या हिवाळ्यात मात्र नाही निभावलं. आणि त्याची शिक्षा मला नाही, भलत्याच माणसाला झाली.

फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. लेख लिहायला दोन दिवस आणि त्याचे पैसे मिळवायला दोन महिने! कोणाचं बिल गेलं, कोणाचे पैसे आले, कोणाला आठवण करायची हे सगळं मी डायरीत ठेवायचे. मग एक्सेलमध्ये ठेवायला लागले. मग एका सुट्टीत नेटवरचे व्हिडिओ बघून पायथन शिकले आणि स्वतःचा एक छोटासा प्रोग्राम लिहिला. बिलाची रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख. बाकी शिल्लक असेल तर पंधरा दिवसांनी आपोआप रिमाइंडर मेल. पहिला मेल गोड, दुसरा जरा कडक आणि तिसरा... तिसऱ्याचा मजकूर मी सात महिने पैसे लटकवणाऱ्या एका कंपनीसाठी लिहिला होता. 'वारंवार कळवूनही आपण दखल घेतलेली नाही, यापुढे अन्य मार्गाचा विचार करावा लागेल' वगैरे. लिहिताना काय भारी वाटलं होतं म्हणून सांगू!

फेब्रुवारीत एके दिवशी कुरिअरने पाकीट आलं. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकाचे संपादक. वय पंचाहत्तरीच्या घरात. माझा पहिला मोठा लेख त्यांनीच छापला होता आणि तेव्हापासून दर दिवाळीला न चुकता चार हजारांचा चेक पाठवतात. पाकिटात चेक होता आणि सोबत शाईच्या पेनने लिहिलेली चिठ्ठी. मानधन डिसेंबरमध्येच पाठवल्याचं पक्कं आठवत होतं, पण तुमची तीन पत्रं आली म्हणजे माझाच घोळ झाला असणार, वयोमानाने विसर पडतो, राग नसावा... अशा अर्थाची.

बँकेचं स्टेटमेंट काढलं. डिसेंबरच्या अठरा तारखेला चार हजार जमा. त्यांचाच चेक.

आता इथे तुम्ही म्हणाल, बाई, पैसे आल्याचं तुला आठवलं नाही? नाही आठवलं. चेक भरला, प्रोग्राममध्ये नोंद केली आणि विसरून गेले. आठवण ठेवायला तर प्रोग्राम लिहिला होता!

हिंजवडीत आयटीत असलेल्या मावसभावाला फोन लावला. रात्री साडेदहाला स्क्रीन शेअर. दादाने माझा कोड वरून खाली वाचला आणि म्हणाला, "अगं, बाकीच्यांचे पैसे ऑनलाइन येतात ना? चेकवाला एकच आहे?"

"हो. ते एकटेच."

"मग चेकवाली ओळ बघ. नीट, अक्षर-अक्षर बघ."

बघितलं. ऑनलाइन पेमेंटच्या ओळीत 'रिसीव्ह्ड' बरोबर होतं : सी, ई, आय. चेकच्या ओळीत सी, आय, ई. बस्स, एवढंच.

"मग एरर का नाही आली?" मी जवळजवळ ओरडलेच. कंस विसरला तर बोंब मारतो, एक स्पेस कमीजास्त झाली तर बोंब मारतो, मग इथेच का गप्प?

दादाने दिलेलं उत्तर माझ्या भाषेत सांगते. चार मजली सोसायटी आहे. गेटवरच्या वॉचमनकडे रजिस्टर. पाहुणा येतो आणि सांगतो, 'फ्लॅट ९०५'. वॉचमन निमूटपणे लिहून घेतो, ९०५. बिल्डिंगला नववा मजलाच नाही, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. पायथनमधलं ऑब्जेक्ट अगदी तसंच. त्याच्या पोटात एक रजिस्टर असतं. 'डंडर डिक्ट' म्हणतात त्याला, म्हणजे डिक्टच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर. तुम्ही कुठल्याही नावाने काहीही ठेवायला द्या, आधी नसलेलं नाव असेल तर तो नवीन ओळ आखून लिहून घेतो. त्या नावांना म्हणतात ॲट्रिब्यूट. माझ्या बिलाच्या पोटात आता दोन नोंदी होत्या. बरोबर स्पेलिंगची, तिच्यात शून्य. चुकीच्या स्पेलिंगची, तिच्यात चार हजार. बाकी काढताना प्रोग्राम पहिलीच बघत होता. त्याच्या दृष्टीने सगळं चोख.

आणि गंमत पुढेच आहे. न लिहिलेलं नाव वाचायला गेलात, तर हाच पायथन लगेच अंगावर येतो. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० व्हर्जनपासून तर तो 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?' असं जवळचं नाव सुचवतोसुद्धा. वाचताना एवढा चौकस, लिहून घेताना मात्र 'जशी आपली मर्जी'! मला ऑफिसमधली काही माणसं आठवली. मीटिंगमध्ये सगळ्याला 'हो हो, चालेल' म्हणणारी.

"मग यावर इलाज नाही?"

"आहे की. स्लॉट्स."

क्लासच्या सुरुवातीला परवानगी असलेल्या नावांची यादी द्यायची. त्या यादीलाही मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर. मग त्या क्लासच्या ऑब्जेक्टला रजिस्टर मिळतच नाही, मोजके कप्पे मिळतात. यादीबाहेरच्या नावाने काही ठेवायला गेलं की एरर. मी उत्साहात तिथल्या तिथे टाइप केलं, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग देऊन बघितलं... आणि पायथनने ते पुन्हा निमूट घेतलं! दादा हसायलाच लागला. मी 'स्लॉट्स'मधला शेवटचा 'एस' खाल्ला होता. 'स्लॉट' नावाची यादी? असेल काहीतरी, म्हणून पायथनने तीही ठेवून घेतली. स्पेलिंग पकडणाऱ्या यंत्राचंच स्पेलिंग चुकवणारी मी एकटीच असेन.

नंतर मी यावर बरंच वाचलं (अपराधी वाटलं की मी वाचत सुटते). हे स्लॉट्स २००१ मध्ये आले आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी स्वतःच स्पष्ट केलंय की नावं तपासणं हा त्यांचा हेतू नव्हताच, त्यांना वेग हवा होता. रजिस्टर नसलं की मेमरी वाचते, हाही फायदा. चुकीची नावं अडतात, हा वरचा बोनस. शिवाय त्याला भगदाडंही आहेत. या क्लासवरून दुसरा क्लास बेतला आणि त्यात स्लॉट्स लिहायला विसरलात, की रजिस्टर परत हजर.

पण ज्या गोष्टीने मला खरा दिलासा मिळाला, ती वेगळीच. प्रोग्राम तपासण्यासाठी पायथनमध्ये 'मॉक' नावाचं एक नकली ऑब्जेक्ट असतं. ते कुठल्याही नावाला मान डोलावतं. त्यामुळे तपासणीची 'असर्ट'ने सुरू होणारी ओळ लिहिताना बोट घसरलं, तर काहीच तपासलं जायचं नाही आणि टेस्ट मात्र पास! शेवटी २०१५ च्या ३.५ व्हर्जनमध्ये 'असर्ट'बरोबरच त्यातली 'ई' आणि 'आर' उलटसुलट झालेलं, म्हणजे माझ्याच जातीचं चुकलेलं रूपही अडवायची सोय करावी लागली. म्हणजे जगभरातल्या दिग्गज प्रोग्रामर्सचीही अक्षरं उलटी होतात. मराठी मीडियमचा काही संबंध नाही!

दादाने अजून एक युक्ती सुचवली : नावं देवनागरीतच दे. पायथनला ते २००८ पासून, म्हणजे तिसऱ्या व्हर्जनपासून चालतं. मी लगेच 'बाकी' लिहिलं. दोनच मिनिटांनी खालच्या ओळीत ऱ्हस्व 'कि' काढून 'बाकि'. त्याच्यासाठी दोन्ही वेगळी. ऱ्हस्व-दीर्घ आणि मी, हा एक वेगळाच लेख होईल.

हे सगळं रात्रीत कळलं. सांगलीला फोन करायला मात्र मला दोन दिवस लागले.

फोन त्यांच्या मुलाने घेतला. आवाज कोरडा. दुसरा चेक लिहिताना त्यांनी घरात सांगितलं होतं, त्यावरून बोलणं झालं आणि चेकबुक, पासबुक आता मुलाकडे होतं. अंकाचा हिशेबही या वर्षीपासून तोच बघणार होता. "बाबांचं आताशा लक्षात राहत नाही हो," तो म्हणाला.

"दादा, त्यांच्या लक्षात होतं. चूक माझी आहे," मी म्हटलं आणि स्पेलिंगची सगळी कथा सांगितली. त्याला कितपत पटलं, देव जाणे. म्हणून रात्री लेखी पाठवलं. दोन्ही चेकचे नंबर, डिसेंबरचं स्टेटमेंट आणि त्या दोन ओळी एकाखाली एक, चुकलेल्या अक्षरांवर लाल गोल करून. तीन रिमाइंडर्सबद्दल माफी मागितली. तिसऱ्याबद्दल वेगळी.

चार दिवसांनी स्वतः काकांचा फोन. "बरं झालं हो सांगितलंत. मी दोन महिने रात्री झोपताना त्या दिवशी काय काय केलं ते आठवून बघत होतो. पोस्टात गेलो, कुरिअरवाल्याकडे गेलो... सगळं आठवायचं. तरी वाटायचं, आपल्यालाच भास होतोय."

मला काही बोलताच येईना.

"चेकबुक आलं का परत?" मी शेवटी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "मुलाने तुमचा कागद मात्र दोनदा वाचला."

दुसरा चेक मी परत पाठवते म्हटलं, तर ऐकायला तयार नाहीत. पुढच्या दिवाळीच्या लेखाचा ॲडव्हान्स समजा म्हणाले, विषय गणपतीपर्यंत कळवा. फोन ठेवून मी प्रोग्राम उघडला, त्यांच्या बिलावर 'ॲडव्हान्स' म्हणून चार हजार लिहिले आणि एंटर दाबलं.

एरर. या नावाचा ॲट्रिब्यूट नाही म्हणे.

मी दोनदा वाचली ती ओळ. मग यादीत ते नाव घातलं, स्पेलिंग डिक्शनरीत बघून.