कुलरची टाकी

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की भुसार व्यापारी आजोबांचा जुना पत्र्याचा कुलर रुसतो. दोष बहुधा मोटारीचा नसतो. क्षारांनी पंपाची जाळी बुजते, गवत टणक होते. प्लग काढल्यावाचून ते कोणाला टाकीत हात घालू देत नाहीत. खिडकी उघडी ठेवण्यावरून मात्र धुळ्याहून आलेल्या लेकीशी दरवर्षी वाद! दमट हवा जाणार तरी कुठून?

गेल्या उन्हाळ्यात टाकीत अळ्या दिसल्या. ओताव्यात तर जीवहत्या, ठेवाव्यात तर घरात डेंग्यू. टाकी ओतावीच लागली. आजोबांनी त्या दिवशी एकाशन केले. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, हे नातवाने सांगितले. आता दर चौथ्या दिवशी टाकी रिकामी करून, घासून, कोरडी केली जाते.