लाकडी घर घेण्याआधी

गगनबावड्याच्या वाटेवरच्या प्लॉटवर तयार ओंडक्यांचं घर आणून बसवायचं, असं धाकट्या भावाने मनात घेतलंय. चित्रातलं घर देखणं आहे, नाही म्हणवत नाही. पण मला आठवतो अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप. सागवानी खांब, तरी बुडाशी कुजले आणि मंडप उतरवून नव्याने उभारायला घ्यावा लागला. सागाची ही गत, तर या घराच्या पाइनचं काय?

आपल्या कोल्हापूरच्या पश्चिम भागात पाऊस भिंतीवर आडवा मारतो. म्हणून दगडी जोतं उंच हवं, वळचण चांगली पुढे आलेली हवी, पाया भरतानाच मातीत वाळवीचं औषध हवं. ओंडक्यांच्या भिंती सुकताना खाली बसतात. दार-खिडक्यांच्या चौकटींवर त्यासाठी फट सोडलीय का, हे मी सगळ्यात आधी विचारेन. लाकडात ओल किती, औषध आत मुरवलंय की नुसतं वरून फासलंय, हेही.

आगीचं कोल्हापूरकराला काय सांगावं! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते दुःख अजून ताजं आहे. वायरिंगमध्ये काटकसर नकोच.

‘उचलून नेता येणारं घर, त्याला बिनशेती कशाला?’ असं विकणारा म्हणाला, तरी तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत स्वतः चौकशी करावी. घाटातल्या वळणांवरून लांब ट्रेलर आणि क्रेन प्लॉटपर्यंत पोचेल का, तेही बघावं.

दोन-चार पावसाळे झेललेलं असं एखादं घर ऐन ऑगस्टमध्ये जाऊन बघा, भिंतींना हात लावून बघा, आणि मगच विसार द्या.