बसलेला आवाज

आवाज बसणें ही गोष्ट तशी क्षुल्लकच. शिक्षकाच्या धंद्यांत तर तिचें कोणास नवलही वाटत नाहीं. खडूची धूळ, पावसाळी हवा आणि साठ मुलांचा वर्ग ह्यांच्यापुढें कोणताही गळा वर्षांतून एकदोनदां हार खातोच. परंतु गेल्या स्नेहसंमेलनाच्या रात्रीं आमच्या एका विद्यार्थ्याचा आवाज बसला, आणि त्या वेळीं आम्हीं जें वर्तन केलें त्याची टोचणी अद्याप मनांतून गेलेली नाहीं.

हा मुलगा शाळेंतल्या चौघांच्या वाद्यमंडळांतला. नाताळच्या गीतांपासून निरोपसमारंभापर्यंत हे चौघे एकत्र गात, आणि त्यांचीं दोनतीन गाणीं सबंध शाळेला पाठ झालीं होतीं. ह्या वर्षीं चौकडी मोडली. तिघांनीं अभ्यासाची सबब सांगितली. ह्यानें मात्र एकट्यानें गाण्याची परवानगी मागितली. स्वतः रचलेलें एक भजन तो गिटारीवर गाणार होता. आठ दिवस त्यानें सकाळ-संध्याकाळ तालीम केली, आणि ऐन संमेलनाच्या दिवशीं त्याचा घसा धरला. पडदा वर गेला तेव्हां तोंडांतून स्वर निघेना, नुसती घरघर निघूं लागली. मागच्या बांकांवरून जुन्या गाण्यांसाठीं ओरडा सुरू झाला. तरी तो थांबला नाहीं. त्या वेळीं पुढच्या रांगेंत बसलेल्या आम्हीं काय केलें? मनगटावरचें घड्याळ पाहिलें!

दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. आईनें चहा ठेवला. मुलगा खालीं मान घालून बसला होता. बऱ्याच वेळानें घोगऱ्या आवाजांत म्हणाला, "सर, पोरं ओरडलीं त्याचं कांहीं नाहीं. पण तुम्हीं घड्याळ पाहिलंत."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं त्याची क्षमा मागितली. मग कांहीं तरी बोलावें म्हणून, महाविद्यालयांत असल्यापासून मनांत राहिलेली एका गायकाची हकीकत त्यास सांगूं लागलों. तीच येथें देत आहों.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं १९४३ सालीं जन्मलेला जॉर्ज हॅरिसन हा 'बीटल्स' नामक चौघांच्या रॉक वाद्यमंडळांतला सर्वांत धाकटा गडी. ह्या चौघांनीं जगांतल्या तरुणांस वेड लावलें होतें. ते वाजवूं लागले म्हणजे श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचें त्यांनाच ऐकूं येईना. अखेर १९६६ च्या ऑगस्टांत सॅन फ्रान्सिस्को येथें जलसा करून त्यांनीं दौरे सोडून दिले. त्याच वर्षीं हॅरिसन आपल्या मुंबईस येऊन पंडित रविशंकर ह्यांच्यापाशीं सतारीचे पाठ घेऊं लागला. तेव्हांपासून ह्या दोघांचा जो स्नेह जडला तो जन्मभर टिकला.

१९७० सालीं बीटल्स मंडळ मोडलें. मंडळांत असतांना गीतें रचण्याचा मोठा वांटा दुसऱ्या दोघांकडे असे. हॅरिसनच्या वांट्यास थोडकें येई. मंडळ मोडतांच त्याचीं सांचलेलीं गाणीं तीन तबकड्यांच्या एका संचांत बाहेर पडलीं आणि लोकांनीं तीं डोक्यावर घेतलीं. १९७१ च्या ऑगस्टच्या १ तारखेस बांगलादेशांतल्या निर्वासितांसाठीं त्यानें व रविशंकरांनीं न्यूयॉर्क येथें एकाच दिवशीं दोन जलसे करविले. त्यांची कीर्ति जगभर झाली. परंतु त्या दिवशीं सोबतीस अनेक नामांकित गवई होते. आपल्या एकट्याच्या नांवावर गांवोगांव फिरून गाणें हें अद्याप व्हावयाचें होतें.

तें १९७४ सालीं झालें. नोव्हेंबरच्या २ तारखेस कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं आरंभ, आणि डिसेंबरच्या २० तारखेस न्यूयॉर्क येथें समाप्ति. सात आठवड्यांत सुमारें ४५ जलसे, कित्येक दिवशीं तर दोन-दोन. बीटल्सांपैकीं कोणी उत्तर अमेरिकेचा स्वतंत्र दौरा काढण्याची ही पहिलीच वेळ. लोकांनीं आठ वर्षें वाट पाहिलेली. त्यांनीं तिकिटें काढलीं तीं जुन्या आठवणींसाठीं.

आणि गायकाचा तर घसा बसलेला! दौऱ्यापूर्वीं नव्या तबकडीचें ध्वनिमुद्रण आणि दौऱ्याची तालीम हीं दोन्ही कामें त्यानें एकदमच अंगावर घेतलीं. त्याच सुमारास त्याचा संसारही विसकटला होता. गळ्यास विश्रांति मिळाली नाहीं, आणि पहिल्या जलशापासून त्याचा आवाज फाटका निघूं लागला. नव्या तबकडीचें नांव 'डार्क हॉर्स', म्हणजे काळा घोडा; घोगऱ्या आवाजासही इंग्रजींत तसाच उच्चार असलेला शब्द आहे. वृत्तपत्रकारांस एवढें कोलीत पुरें झालें.

शिवाय त्यानें लोकांपुढें जें मांडलें तें त्यांनीं मागितलेलें नव्हतें. रविशंकर ह्यांच्यासह अल्लारखा, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, सुलतान खान, लक्ष्मी शंकर असे थोर कलावंत त्यानें बरोबर नेले होते, आणि जलशांतला मोठा भाग त्यांना दिला होता. ज्यांना किंचाळावयाचें होतें त्यांनीं संतूर आणि बांसरी स्वस्थ बसून ऐकावी, अशी त्याची इच्छा. बीटल्सांचीं गाणीं त्यानें निवडक घेतलीं, आणि त्यांतल्या एका प्रेमगीतांत देवाचें नांव घातलें. लोक अस्वस्थ झाले. कोठें ओरडा झाला, कोठें कंटाळा दिसूं लागला. आरंभींच्या अनुभवावरून कार्यक्रमाचा क्रम बदलावा लागला. पुढें शिकागो येथें रविशंकरच आजारी पडले व कांहीं जलशांस मुकले. तेव्हां लक्ष्मी शंकर ह्यांनीं भारतीय वृंदाची धुरा उचलली. बिली प्रेस्टन नांवाचा निग्रो वादक बरोबर होता. त्याचीं गाणीं सुरू झालीं कीं सभागृह उठून नाचूं लागे, आणि हॅरिसन आनंदानें त्यास वाव देई. मोशेची जीभ जड होती म्हणून देवानें त्यास कामावरून काढलें नाहीं. सोबतीस अहरोन दिला. त्या दौऱ्यांतही कांहीं अंशीं तसेंच घडलें असें आम्हांस वाटतें.

ह्यांत त्याचा दोष नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. गळा हें गायकाचें हत्यार; तें बोथट करून रणांत उतरणें शहाणपणाचें नव्हे. तो कृष्णभक्त झाला होता. आमची श्रद्धा निराळी आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, श्रोत्यांनीं नामघोष करावा म्हणून तो व्यासपीठावरून आग्रह धरी, आणि ते थंड राहिले म्हणजे त्यांस बोल लावी, हें कांहीं बरें नव्हे. हा दोष आम्हां शिक्षकांच्या व उपदेशकांच्या चांगला ओळखीचा आहे. आपल्यास जें अमृत लाभलें तें दुसऱ्यानें तत्काळ प्यावें असें आपल्यास वाटतें. पण भक्ति हुकमानें येत नाहीं.

इतकें असूनही एक गोष्ट खरी कीं, त्यानें दौरा अर्ध्यावर टाकला नाहीं. रोज तोच फाटका आवाज घेऊन तो दिव्यांच्या उजेडांत उभा राहिला. जुनीं गाणीं जुन्याच तऱ्हेनें म्हणून टाळ्या घेणें त्यास सहज शक्य होतें. तें त्यानें केलें नाहीं. कांहीं परीक्षकांनीं त्याची वाखाणणीही केली, परंतु गाजली ती निंदाच.

येथवर ऐकून मुलानें पहिल्यांदां मान वर केली आणि विचारलें, "मग सर, पुढच्या वर्षीं ते चांगले गायले असतील?"

आम्ही अडखळलों. धीर द्यावयास म्हणून सांगितलेल्या गोष्टीचा शेवट धीर देणारा नव्हता. पण मुलास खोटें सांगवेना. हॅरिसननें त्यानंतर पुष्कळ गीतें रचलीं, तबकड्या काढल्या. पण दौऱ्यावर तो पुन्हां निघाला तो १९९१ च्या डिसेंबरांत, मित्र एरिक क्लॅप्टन ह्यास बरोबर घेऊन जपानांत. मध्यें सतरा वर्षें गेलीं! ह्याला कारणें अनेक असतील, पण त्या सात आठवड्यांची आठवण त्यांतलें एक नसेल असें आम्हांस म्हणवत नाहीं. २००१ च्या नोव्हेंबरांत तो वारला, तेव्हां आम्ही पदवीच्या वर्गांत होतों.

"सतरा वर्षं!" मुलगा एवढेंच म्हणाला. त्याच्या आईनें आमच्याकडे पाहिलें, आणि त्या पाहण्यांत जो प्रश्न होता तो आम्हांस चांगला समजला.

विद्यार्थिमित्रहो, आवाज बसतो तो मिठाच्या कोमट पाण्यानें आणि चार दिवसांच्या मौनानें पुन्हां सुटतो. परंतु ऐकणाऱ्यांच्या अनादरानें जो बसतो त्यास औषध सांपडणें कठीण. तुमचा सोबती एकटा उभा राहून नवें कांहीं गाऊं लागला, तर जुन्याची मागणी करण्यापूर्वीं निदान एक कडवें ऐका. पालकवर्गासही आमची हीच विनंती आहे. घरांतलें मूल अडखळत कांहीं सांगूं लागतें, तेव्हां आपली नजर कोठें असते हें प्रत्येकानें पाहावें.

आमचा विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून शाळेंत येऊं लागला. गिटार मात्र अजून खोळींतच आहे. तो पुन्हां गाईल कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं. आग्रह करावयाचा नाहीं, एवढें आम्हीं ठरविलें आहे. परंतु येत्या नाताळच्या कार्यक्रमास आम्ही पुढच्या रांगेंत बसूं तेव्हां आमच्या मनगटावर घड्याळ नसेल.