ताकाओ डोंगराची पत्रे

निशी-कासाई, टोकियो
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे क्षेमरूप असून तुमचे व आईचे कुशल इच्छितो. दूरध्वनीवर बोलणे रोजच होते, परंतु ते प्रकृतीची विचारपूस आणि जेवणाखाण्याची चौकशी यांतच संपून जाते, आणि ज्या गोष्टी तुम्हांस सावकाश वाचावयास आवडतील त्या तशाच मनात राहून जातात. म्हणून आज कागद पुढे घेतला आहे.

उद्या मधला वार साधून दादा आणि मी ताकाओ नावाच्या डोंगरावर जाणार आहोत. शहराच्या मध्यापासून तो पश्चिमेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर असून त्याची उंची 599 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीही भरत नाही. माझे सारे आयुष्य चंद्रपूरकडच्या सपाट मुलखात गेल्यामुळे डोंगर पायी चढण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. आणि प्रथमच चढणाऱ्याने येथूनच आरंभ करावा, असा या शहरातील लोकांचा सर्वसाधारण प्रघात आहे. वर्षाकाठी पंचवीस लाखांहून अधिक माणसे हा डोंगर चढतात असे सांगतात. एवढ्या पावलांखाली तेथे झाडझाडोरा शिल्लक तरी कसा राहिला असेल, हा प्रश्न तुमच्यासारख्या वनाधिकाऱ्याच्या मुलाच्या मनात उद्भवावा यात नवल नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्या उत्तरासाठीच मी जात आहे.

तयारी बेताचीच आहे. तळव्याला पकड असलेले जोडे, थंडीसाठी एकावर एक घालता येतील आणि घाम येताच काढता येतील असे कपडे, पाण्याची बाटली, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. कारण डोंगरावर कचऱ्याची पेटी नसते, ज्याचा कचरा त्याने खाली घेऊन यावयाचा. या दिवसांत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार त्याहूनही लवकर पडतो, तेव्हा सकाळी लवकर निघण्याची दादाची ताकीद आहे. वहिनी स्वयंपाकघरात धपाटे लाटीत आहेत. या भागात आपल्याकडची कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे ज्वारीचे पीठ मिळण्यास अडचण पडत नाही.

तुमचा आज्ञाधारक

&nbsp;

निशी-कासाई
दुसऱ्या दिवशी रात्रौ

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ठरल्याप्रमाणे डोंगर चढून, दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरून, आम्ही सुखरूप घरी परतलो. पोटऱ्या जड झाल्या आहेत, पण मन इतके प्रसन्न आहे की झोपण्यापूर्वी तुम्हांस लिहिल्यावाचून राहवत नाही.

शिंजुकूहून केइओ कंपनीची आगगाडी तासाच्या आत पायथ्याशी पोचविते. वाटेत घरांची ओळ कोठे तुटतच नाही, आणि या वस्तीतून डोंगर निघणार तरी कोठून अशी शंका यावी, तोच अखेरच्या स्थानकापूर्वी गाडी एकाएकी दरीत शिरते आणि दोन्ही खिडक्यांत हिरवे उतार उभे राहतात. शेवटच्या स्थानकाची इमारत केंगो कुमा या विख्यात वास्तुकाराने 2015 साली नव्याने रचली असून तिच्या रुंद पाखीस सुगी वृक्षाचे लाकूड वापरले आहे. हा सुगी येथील मुख्य वृक्ष. सरळसोट, सूचिपर्णी, तांबूस सालीचा, आणि आपल्या देवदाराची आठवण करून देणारा.

वर जाण्यास दोराने ओढली जाणारी गाडीही आहे. ती 1927 साली सुरू झाली, आणि तिच्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ 31 अंश 18 कला एवढा, म्हणजे या देशातील अशा सर्व गाड्यांत अधिक आहे. पायवाटा अनेक असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. पहिली बहुतेक फरसबंद आणि देवस्थानातून जाणारी. आम्ही चढण्यासाठी सहावी निवडली, जी ओढ्याच्या काठाकाठाने 3.3 किलोमीटर जाते आणि माथ्यावर निघते.

या वाटेचे वर्णन कसे करू? आरंभी डाव्या-उजव्या अंगास सुगीची उंच झाडी, खाली ओढ्याचा अखंड नाद, आणि थोडे पुढे गेल्यावर आडवाटेने बिवा नावाचा धबधबा, जेथे आजही व्रतस्थ साधक शुभ्र वस्त्रे नेसून धारेखाली उभे राहतात. पुढे ऊन क्वचितच खाली येते. वाटेवर मुळांचे जाळे पसरलेले आहे, आणि असंख्य पावलांनी ती मुळे घासून घासून जुन्या वाड्याच्या उंबरठ्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. दादाने मला चालण्याची रीत शिकविली: पाऊल आखूड टाकावे, टाच-बोटे न करता सबंध तळवा टेकावा, आणि शेजाऱ्याशी बोलता येईल एवढीच गती ठेवावी, बोलणे तुटू लागले की गती अधिक झाली असे समजावे. आमच्या पुढे चाललेले एक वयोवृद्ध जोडपे नेमके असेच चालत होते, आणि पाऊण तासात ते कोठेही थांबले नाही.

वरच्या भागात मात्र वाट आणि ओढा एकच होतात. पाण्यात एकापुढे एक दगड टाकलेले आहेत आणि त्यांवरून चढत जावे लागते. दगडांच्या कडांना शेवाळ, मधला भाग पावलांनी स्वच्छ झालेला, आणि पाणी इतके उथळ व निर्मळ की तळाशी रुतलेले मेपलचे तांबडे पान शिरांसकट दिसते. येथे पिवळ्या टोप्या घातलेली बालवाडीची मुले आम्हांस भेटली. प्रत्येक मूल पुढच्या दगडाकडे पाही, क्षणभर विचार करी, आणि मग दोन्ही पाय जोडून उडी मारी. त्यांच्या बाई कोणाचाही हात धरीत नव्हत्या, पण कोणत्याही मुलापासून हातभर अंतराहून दूर नव्हत्या. वाटेत जो भेटेल तो अभिवादन करतो, आणि त्या मुलांनी तर ते आम्हां दोघांस एकेकाने, रांगेने केले.

अखेरीस लाकडी पायऱ्यांचा एक लांब चढ लागतो, आणि मग माथा. नैऋत्येस हिमाच्छादित फुजी दिसला. दक्षिणायन संपण्याच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर त्याच्या शिखरावर मावळतो आणि ते पाहण्यास येथे दाटी होते. फुजीविषयी इतके लिहिले गेले आहे की मी अधिक लिहीत नाही. आम्ही एका बाकावर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आता तुमच्या विषयाकडे येतो. या एका लहानशा डोंगरावर सुमारे 1,600 जातींच्या वनस्पती आहेत. कारण असे की उष्ण आणि शीत अशा दोन वनांची सरहद्द त्याच्या कण्यावरून जाते: दक्षिण उतारावर सदाहरित ओक, उत्तर उतारावर पानझडीचे बीच, आणि माणूस मधल्या वाटेवरून चालताना एका हाताला एक ऋतू व दुसऱ्या हाताला दुसरा पाहतो. परंतु निसर्गाने दिलेले टिकले ते माणसांच्या आज्ञेमुळे. सोळाव्या शतकात जवळच्या हाचिओजी किल्ल्याचा अधिपती होजो उजितेरू याने या डोंगरावरील वृक्षतोडीस मनाई केली. 1590 साली त्याचा किल्ला पडला आणि मुलूख दुसऱ्याच्या अंमलाखाली गेला. तथापि मनाईहुकूम उठला नाही. पुढे तोकुगावांच्या कारकीर्दीत तो चालू राहिला, मेइजी काळात जंगल सम्राटाच्या खाजगीकडे गेले, महायुद्धानंतर ते राष्ट्रीय वन झाले, आणि 1967 साली त्यास संरक्षित उद्यानाचा दर्जा मिळाला. सत्ता बदलली की आधीच्या अंमलातील जहागिरी खालसा होतात, दप्तरे जाळली जातात, आणि जंगलावर प्रथम कुऱ्हाड पडते, हे तुम्ही आपल्या नोकरीत जुन्या नोंदींतून कितीदा दाखविले होते. येथे चार राजवटींनी एकमेकींचे बहुतेक सर्व काही मोडले, पण हा एक हुकूम मोडला नाही. मुंबई-पुण्याला लागून असलेल्या आपल्या टेकड्यांची गेल्या पन्नास वर्षांत जी दशा झाली ती आठवून मला तेथे उभ्या उभ्या विषाद वाटला, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

सारेच गोड आहे असेही नव्हे. डोंगराच्या पोटातून द्रुतगती मार्गाचा बोगदा खणण्यात आला. भूगर्भातील पाणी आटेल, ओढे सुकतील, या भीतीने नागरिकांनी अनेक वर्षे न्यायालयात दाद मागितली, पण निकाल विरुद्ध गेला आणि 2012 साली बोगदा वाहतुकीस खुला झाला. ओढ्याकाठून चढताना ही हकीकत ठाऊक असली म्हणजे पाण्याचा आवाज माणूस अधिक लक्षपूर्वक ऐकतो. तुमच्या काळी असे प्रकरण आले असते तर तुम्ही अहवालात काय लिहिले असते, ते मला अवश्य कळवावे.

तुमचा आज्ञाधारक

&nbsp;

निशी-कासाई
तिसरा दिवस

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

अण्णांच्या पत्रात झाडेच झाडे आली आणि देवाचे राहूनच गेले, म्हणून तुला हे वेगळे पत्र.

उतरताना आम्ही पहिल्या वाटेने आलो. त्या वाटेवर याकुओ-इन नावाचे प्राचीन देवस्थान आहे. सम्राट शोमूच्या आज्ञेवरून ग्योकी नावाच्या भिक्षूने ते 744 साली स्थापिले, असे परंपरा सांगते. पुढे चौदाव्या शतकात तेथे इझुना दाइगोन्गेन या देवतेची प्रतिष्ठापना झाली. चोचीचे मुख, पाठीवर पंख, भोवती ज्वाला, आणि पायाखाली शुभ्र कोल्हा असे तिचे रूप आहे. हे ऐकून तुला परके वाटेल. पण या एका मूर्तीत पाच देवता एकवटल्या आहेत असे तेथे मानतात, आणि त्यांत गरुड आहे, सरस्वती आहे, अचल आहे, डाकिनी आहे, आणि आई, आपला गणपतीही आहे. हजारो कोस दूर, समुद्रापलीकडे, सुगीच्या छायेत गणपतीला हात जोडताना मला आपल्या देव्हाऱ्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटले. येथे रोज होम होतो. अग्नीची ज्वाला, मंत्रांचा घोष आणि मोठ्या नगाऱ्याचा आवाज यांनी सभामंडप भरून जातो.

वाटेवर दगडी खांब आहेत आणि त्यांत फिरणारे एकेक दगडी चक्र बसविले आहे: डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन, अशा सहांच्या शुद्धीसाठी सहा. चक्र थंडगार असते आणि जड वाटले तरी तळहात टेकवून ओढताच फिरते. एका आजीबाईंनी प्रत्येक चक्र फिरविले आणि प्रत्येकापाशी डोळे मिटले. वाटेच्या कडेला लाकडी फळ्यांची लांबच लांब रांग आहे; देवस्थानास सुगीची रोपे अर्पण करणाऱ्यांची नावे तीवर लिहिली आहेत. दानाची ही रीत तर मला फारच भावली.

तेथेच एक पुराणवृक्ष आहे. वाट रुंद करताना त्याची मुळे आड येत होती, म्हणून ती तोडण्याचे ठरले. तेव्हा वृक्षाने रात्रीतून मुळे आक्रसून घेऊन वाट मोकळी करून दिली, अशी आख्यायिका आहे. मुळे खरोखरच अष्टपाद जलचराच्या पायांसारखी वळलेली असल्यामुळे त्याला त्या प्राण्याचेच नाव पडले आहे.

आता व्यवहाराचे. तू आणि अण्णांनी मार्चमध्ये यावे असे माझ्या मनात आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पायथ्याशी मोठा अग्नी पेटवून त्याच्या निखाऱ्यांवरून साधक चालतात आणि मागून भाविकही अनवाणी जातात. शिवाय त्याच सुमारास डोंगरावर व्हायोलेटची फुले उमलू लागतात, ती अण्णांना पाहता येतील. तुझ्या गुडघ्यांची चिंता करू नकोस. दोराची गाडी सहा मिनिटांत वर नेते, पुढे देवळापर्यंत अर्ध्या तासाची सोपी वाट आहे, आणि जेथे 108 पायऱ्या लागतात तेथे शेजारून सौम्य चढाचा दुसरा रस्ता ठेवलेला आहे. खाण्याचे मात्र जपावे लागेल. डोंगरी कंद किसून घातलेल्या शेवया हे येथले प्रसिद्ध पक्वान्न, पण त्यांच्या रशात माशांचा अर्क असतो. देवस्थानात आधी कळविल्यास शुद्ध शाकाहारी भोजन मिळते, तशी व्यवस्था दादा करील. तिकिटांचेही तोच पाहणार आहे. अण्णांच्या पारपत्राची मुदत कधी संपते, तेवढे लोखंडी कपाटातून काढून पाहावयास त्यांना सांग, आणि पुढच्या फोनवर मला कळव.

तुझा