काळे चेहरे, गोरे चेहरे

मालवणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, हे शाळेपासून माहीत. तरी संध्याकाळी फोटो काढून घ्यायला कुणी आलं की मी त्याला समुद्राकडे पाठ करूनच उभं करायचो, कारण मागे सिंधुदुर्ग किल्ला हवा. मावळता सूर्यही मग त्याच्या पाठीशीच. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. चमकतं पाणी दिसलं की उजेड कमी करून टाकतो. किल्ला सुरेख यायचा, चेहरा कोळसा. मग चेहऱ्यावर मीटर धरायला शिकलो, तर आकाश पांढरंफटक. घाई तर कायमच, कारण युरोपातल्या पुस्तकात वाचलेला सोनेरी तास आपल्याकडे जेमतेम अर्धा तास टिकतो. सूर्य इथे जवळजवळ सरळ खाली उतरतो.

मे महिन्यातली चूक मात्र निव्वळ आळसाची. मालवण साधारण 16 अंश उत्तरेला. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि लग्नसराईत सगळे नातेवाईक एकत्र सापडतात तेही नेमके जेवणाआधी, त्याच वेळेला. भर अंगणात अख्खं कुटुंब उभं केलं. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, नवरीलासुद्धा. चार पावलांवर पडवी होती. अंगणातलं ऊन जमिनीवरून उसळून तिथे छान मऊ होऊन येत होतं. पण तिथे खुर्च्या होत्या, आणि त्या हलवायचा मला कंटाळा आला.

सगळ्यात लागलेली चूक रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढतात तिथली. पावसाळ्याच्या शेवटाला, सकाळी, आकाशात ढगांची ये-जा चालू होती. मी शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ सगळं हाताने ठरवून टाकलं आणि दोर ओढणाऱ्यांच्या मागे धावत सुटलो. ढग आला, उजेड निम्म्याहून कमी झाला. माझे आकडे तेच. जाळं जवळ येताना माणसांच्या चेहऱ्यावर जे काही चाललेलं असतं ते सगळं अंधारात गेलं. घरी कॉम्प्युटरवर सावल्या उचलल्या, उचलता उचलता हात थांबला नाही. एका वयस्क रापणकाराला प्रिंट नेऊन दिली. त्याने ती लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाला, "मी इतको गोरो कधी झालंय?"

मी ढगांचं, सेन्सरचं काहीबाही सांगू लागलो. त्याला ते ऐकायचं नव्हतं, त्याला जाळं सुकत घालायचं होतं. दुसरी प्रत मी मुद्दाम गडद काढली. ती त्याच्या बायकोने पाहिली आणि न बोलता परत माझ्याच हातात दिली.